सहावा तांबेरा

तांबेऱ्याला मी पहिल्यांदा मारलं तेव्हा मला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. मुलांच्या एका मासिकात शेवटची चार पानं चित्रकथेची असत आणि ती कथा मी लिहीत असे. एक शूर नायक, दर महिन्याला त्याच्याशी पंगा घेणारा कुणीतरी दुष्ट आणि चौथ्या पानाच्या तळाशी त्या दुष्टाचा निकाल. तांबेरा त्यातलाच एक, आणि तोही खालच्या फळीतला. हात लावेल त्या लोखंडाला गंज चढवायचा, एवढीच त्याची विद्या. तोंडावर गंजक्या पत्र्याचा मुखवटा, अंगावर गोणपाटाचा झगा. मोठ्या दुष्टांना मी गुहा आणि उडती यानं द्यायचे, ह्याला भंगाराचं दुकान दिलं होतं. चौथ्या पानावर तो भट्टीत पडला आणि मी कुकर लावायला उठले.

हा माणूस मला सुचला तो आमच्या ग्रिलमुळे. गिरगावातली दोन खोल्यांची जागा सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या अलीकडे राहायला आलो. जागा मोठी मिळाली, पण खाडीच्या वाऱ्याने घरातलं एकही लोखंड धड राहीना. ग्रिल, कपाटाच्या बिजागऱ्या, खुर्च्यांचे पाय, सगळ्यांवर तांबूस पापुद्रे. नवऱ्याने रंग आणायचा, मी घासायचं, आणि वर्षभरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मला वाटायचं, हे कुणीतरी मुद्दाम करतंय. त्याला एकदा पकडायला पाहिजे. तसा तांबेरा झाला.

दोन वर्षांनी मी त्याला परत आणला. कारण मोठं कलात्मक वगैरे काही नाही, तो मेलाय हे मी विसरले होते. सकाळी शाळेच्या ऑफिसात दाखले लिहायचे, दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रकथा लिहायची, यात कुणाला कधी मारलं ते कुठे लक्षात ठेवणार? अंक निघाला आणि एका वाचक पोरीचं पत्र आलं की तांबेरा तर भट्टीत वितळला होता ना. तेव्हाचे संपादक म्हातारे आणि शिस्तीचे. त्यांनी फोनवर ते पत्र मला शब्द न् शब्द वाचून दाखवलं. मी एका हाताने आमटी ढवळत होते. म्हटलं, "अहो, हा तो नाहीच. हा घड्याळं दुरुस्त करणारा आहे. मुखवटा त्याला भंगारात सापडला."

संपादकांना ते इतकं आवडलं की पुढे तीच रीत पडली. तांबेरा मरायचा, मुखवटा उरायचा, तो दुसऱ्या कुणाला तरी सापडायचा. पहिला भंगारवाला, दुसरा घड्याळवाला, तिसरा निवृत्त मास्तर, चौथा घरोघरी मीटर बघत फिरणारा, पाचवा गुडघे गेलेला लिफ्टवाला. वीस वर्षांत पाच झाले. त्यांच्यातला एकही मुळात वाईट नव्हता. सगळे नुसते दमलेले होते. नायकाच्या तोंडी काय घालावं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, त्याची वाक्यं मी ओढूनताणून लिहायचे. तांबेरा मात्र आपणहून बोलायचा. "जिने चढून चढून माझे पाय झिजले, आता तुमची लिफ्ट झिजू दे," हे मी लिहिलं तेव्हा आमच्या इमारतीची लिफ्ट तीन आठवडे बंद होती आणि आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो.

चित्रं काढणारे काका उत्तनच्या अलीकडे, डोंगरी गावात राहायचे. अजूनही राहतात. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारी बस पकडायची, मुर्धे, राई, मोर्वा अशी गावं मागे टाकत जायचं आणि सुकत्या बोंबलांचा वास आला की उतरायची तयारी करायची. काकांचं सगळं आयुष्य होड्या रंगवण्यात गेलेलं. होडीच्या नाकावर नाव घालणं, डोळे काढणं, दुकानांच्या पाट्या. संपादकांनी एकदा त्यांची एक पाटी पाहिली आणि त्यांना मासिकात ओढलं. मला ते 'बाय' म्हणत. त्यांच्या बायकोला मी काकी म्हणायचे.

आमची कामाची पद्धत जगावेगळी होती. काका वाचत नसत, ऐकत. मी महिन्यातून एकदा जायची, त्यांच्या ओट्यावर बसून चारी पानं मोठ्याने वाचायची. ते माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत बसत. भिंतीवर खिळ्याला एक मुखवटा टांगलेला होता, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून काकांनीच केलेला. समुद्राच्या वाऱ्याने तो खरोखरच गंजला होता. मला वाटायचं, हौसेने टांगलाय. वाचून झालं की काका एकच प्रश्न विचारत.

"दमलेला हाय का रागावलेला?"

मी काय ते सांगायची आणि पुढच्या बसने परत यायची. गोष्टीत काय चाललंय, का चाललंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना माणूस उभा कसा आहे तेवढं हवं असायचं.

मग काकांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाने सांगितलं, मग रेषेने. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हा वाढत जाणार असंही सांगून टाकलं. तोवर म्हातारे संपादक जाऊन नवा आला होता. माझ्या मुलाच्या वयाचा, बोलायला गोड, कायम घाईत. त्याने नायकाची चित्रं कॉम्प्युटरवर काढणाऱ्या एका मुलाकडे दिली. तांबेरा काकांकडे राहिला, कारण त्याची कुणाला पर्वा नव्हती. "आणि मॅडम, गंजाला सरळ रेघ लागतेच कुठे," तो म्हणाला. मी हसले होते.

हे काकांना सांगायला गेले त्या दिवशी त्यांनी मला बस स्टॉपपर्यंत सोडलं. एरवी ते ओट्यावरून हलायचे नाहीत. बस समोर दिसायला लागल्यावर म्हणाले, "बाय, येक सांगतू. नायक नेला, नेऊ दे. तांबेऱ्याला दुसऱ्या कोनाचा हात लागू देऊ नको. जोवर हाय तोवर माज्या हातचा."

"नाही लागू देणार, काका," मी म्हटलं. बसमध्ये चढता चढता म्हटलं. असले शब्द माणूस चढता चढताच देतो.

वर्षभर निभलं. मग पाचव्या तांबेऱ्याच्या एका गोष्टीची पानं आली. मुखवट्याला कड उरली नव्हती. झगा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, कळत नव्हतं. तरीही मी मोबाइलवर फोटो काढून संपादकाला पाठवले, म्हटलं चालून जाईल. दहा मिनिटांत फोन आला.

"मॅडम, हे छापण्यासारखं नाहीये. तुम्हालाही कळतंय."

"कळतंय."

"मी त्या मुलाकडून काढून घेऊ?"

"नको. काकांना शब्द दिलाय मी."

"मग जुनीच चित्रं वापरा ना. मुखवटा तोच, झगा तोच. आतला कोण हे कुठे दिसतंय? चित्रं त्यांचीच राहतील, तुमचा शब्दही राहील."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं. तेव्हा सासूबाईंचं दुखणं चालू होतं, शाळेत प्रवेशाचे दिवस होते, भांडायला अंगात जीव नव्हता. माळ्यावरून जुने अंक काढले. दोन दुपारी बसून तांबेरे निवडले, माझ्या वाक्यांना शोभतील असे. एका जुन्या गोष्टीतले फार जिवंत होते. डावीकडे झुकलेला, उजवा हात कमरेवर, डाव्या हाताने काहीतरी भिरकावणारा. अकरा चौकटी मी त्याच्याच घेतल्या. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून लहानमोठ्या करून आणल्या, कात्रीने कापल्या, डिंकाने चिकटवल्या. झेरॉक्सवाला म्हणाला, "आंटी, बच्चों का प्रोजेक्ट है क्या?" मी हो म्हटलं.

काकांना मी काहीच कळवलं नाही. पानं गेली, एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. त्यांची पानं गेलीच होती, माझ्या कपाटात.

अंक निघाल्यावर आठवड्याने काकींचा फोन आला. काकी कधी फोन करत नाहीत. "बाय, येशील का? ह्ये सकाळपासून बोलत न्हाय. जेवलं पन न्हाय."

मी शाळेतून परस्पर बस पकडली. मिठागरांशेजारून जाताना मनातल्या मनात सगळी वाक्यं जुळवत होते. संपादकावर ढकलायचं, छपाईवर ढकलायचं, काकांच्या डोळ्यांवरसुद्धा ढकलायची माझी तयारी होती.

काका ओट्यावर बसले होते. अंक मांडीवर उघडा होता. माझ्याकडे न बघता त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. बोट कागदावर टकटक वाजत होतं.

"ह्यो पाचवा न्हाय."

"काका, मुखवटा तर तोच आहे…"

"मुखवटा त्योच. मदला मानूस त्यो न्हाय. ह्यो डाव्या हाताचा." त्यांनी पान उलटलं. दुसरी चौकट, तिसरी. एकेक करत अकराही दाखवल्या. एकही चुकली नाही. "ह्यो कवाच गेला. ह्याला परत का आनलास?"

माझ्या दृष्टीने तांबेरा म्हणजे मुखवटा आणि झगा. घड्याळवाला काय, लिफ्टवाला काय, नावं मी दिली होती आणि मीच विसरत होते.

"माजी पानं कुठं हायत?" काकांनी विचारलं.

"माझ्याकडे. कपाटात."

"छापायसारखी नव्हती?"

जुळवून आणलेली वाक्यं घशाशी आली होती. पण समोर ते टकटकणारं बोट होतं. "नव्हती, काका," मी म्हटलं.

"मग तसं सांगायचं," काका म्हणाले आणि उठून आत गेले. आतल्या खोलीची कडी लावल्याचा आवाज आला.

काकी माझ्या शेजारी येऊन बसल्या. हातात सुपातले बोंबील होते, त्यातला कचरा काढत त्या बोलत होत्या, भाजीचे भाव सांगावेत तशा. त्यांच्याकडून मला त्या दिवशी जे कळलं ते वीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

काकांना समोर माणूस असल्याशिवाय माणूस काढता येत नाही. होडी काढता येते, मासा काढता येतो, माणूस नाही. म्हणून तो मुखवटा केलेला. माझी गोष्ट ऐकून झाली की ते कुणाला तरी मुखवटा घालून ओट्यावर उभं करत. पहिला तांबेरा म्हणजे आरशातले काका स्वतः. तिसरा, माझा निवृत्त मास्तर, म्हणजे काकी. "माज्याच कंबरेवर हात ठेवून उबा केल्ता मास्तर," काकी म्हणाल्या आणि थोडंसं हसल्या. चौथा म्हणजे शेजारचा, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. पाचवा पुन्हा काकाच, आता वाकलेले.

"आणि दुसरा?"

काकींचा हात सुपात थांबला. "दुसरा माजा दीर. ह्यांचा धाकटा भावूस. डाव्या हाताचा व्हता. त्यो मात्र उबा न्हाय केला, त्यो आटवून काडला. त्याच साली होडी गेल्ती ना. परत आलीच न्हाय."

मी तिथेच हिशेब लावत बसले, नको असताना. होडी कोणत्या महिन्यात गेली ते काकींनी सांगितलं. त्यानंतर काकांनी घड्याळवाला काढायला घेतला, म्हणजे भावाला घरी आणला. मुखवट्याआडून का होईना, ओट्यावर उभा केला. तीन गोष्टी त्याने केल्या. चौथ्या गोष्टीत मी त्याला मारायचं ठरवलं. दुष्टाला फार दिवस ठेवत नाहीत. भट्टी आधी वापरून झाली होती, म्हणून ह्याला मी खाडीत बुडवला.

ती दुपार मला नको तितकी लख्ख आठवली. ह्याच ओट्यावर मी ती पानं वाचली होती, अगदी रंगवून. वाचून झाल्यावर काका बराच वेळ भिंतीकडे बघत बसले होते आणि मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला होता, दमलेला हाय का रागावलेला. मी हसून म्हटलं होतं, "अहो काका, बुडतोय तो! आता कसला दमतोय?"

त्यांनी ते चित्र काढून दिलं. चार दिवसांत, नेहमीच्या वेळेवर. पाण्याबाहेर नुसता एक डावा हात. संपादकांनी ते मुद्दाम मोठं छापलं होतं, मुलांची पत्रं आली होती, आणि मी काकांना निरोप धाडला होता की बुडणं फारच झकास जमलंय.

"सकाळी अंक आला," काकी म्हणाल्या, "तवा आदी लय खूश झालं. मना हाका मारल्या. म्हनलं, बग, ह्यो आला. मग पानं परतून बगत बसलं. मग गप झालं."

मला त्या क्षणी ओट्यावरून उठून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. मला माझी लाज वाटली, आणि खरंच सांगते, रागही आला. वीस वर्षं बसमधून हेलपाटे घालणाऱ्या बाईला एका शब्दाने सांगता आलं नसतं? पण आत कडी लावून बसलेल्या माणसावर रागावून काय करणार? काकांच्या जागी मी त्यांच्या मेलेल्या भावाला चिकटवलं होतं, डिंकाने.

पुढचे तीन महिने मी गोष्ट न घेताच डोंगरीला जात राहिले. काका दार उघडत, चहा देववत, हवापाण्याचं बोलत. चित्राचं नाव काढत नसत. ब्रश धुऊन डब्यात उभे करून ठेवले होते. दिवसभर ते काय करतात विचारलं तर काकी म्हणत, "बसतंत." त्यांची न छापलेली पानं मी परत नेऊन दिली. ती त्यांनी न बघता गादीखाली सारली.

आणि मग नव्या संपादकाचा फोन आला की मासिक छापायचं थांबतंय, पुढे जे काय होईल ते मोबाइलवर. जाता जाता जुन्या दुष्टांचा एकेक शेवट करून टाकायचाय. तांबेऱ्याला एक पान. "तो मुलगा काढेल, तुम्ही फक्त मजकूर पाठवा."

"काका काढतील," मी म्हटलं.

"मॅडम…"

"एकच चित्र. पानभर. आणि त्यांच्या रेषेला कॉम्प्युटरवर हात लावायचा नाही. सरळ करायची नाही, पुसायची नाही. जशी येईल तशी. नाहीतर माझा मजकूर नाही."

वीस वर्षांत मी एकाही संपादकाशी या आवाजात बोलले नव्हते. माझे कान तापले होते. आता तो चिडेल, मग मी चिडेन, सगळी वाक्यं तयार होती. पलीकडून नुसता सुस्कारा आला. "बरं. शेवटचंच आहे, कोण बघतंय." फोन ठेवल्यावर मला हसू आलं. भांडायची एकदाच हिंमत केली आणि समोरचा माझ्याहून दमलेला निघाला.

काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. होही म्हणाले नाहीत, नाहीही. एवढंच विचारलं, "ह्या टायमाला मदी कोन हाय?"

"ठरलं नाही, काका. काही सुचतच नाहीये. पाच झाले, आता सहावा कुठून आणू?"

काका उठले. भिंतीवरचा मुखवटा काढला, लुंगीच्या टोकाने आतून पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"घाल."

"मी?"

"मंग कोन? इतकी वरसं त्याच्या तोंडातून कोन बोलतंय?"

मी मुखवटा घातला. आत जुन्या पत्र्याचा आणि कसलासा तेलकट वास होता. कपाळाला कड टोचत होती, आणि ती टोचते हे माझ्या आधी तिघांना माहीत होतं, हा विचार आला. काकींनी गोणपाट माझ्या खांद्यावर टाकलं. मी उभी राहिले, सगळे तांबेरे उभे असत तशी. पाच मिनिटांत पाठ भरून आली. काका म्हणाले, "बस. तुजं बसलेलंच खरं हाय." मग मी ओट्याच्या कडेला बसले, माझी पर्स मांडीवर धरून, बसची वाट बघताना बसते तशी. काकांनी पर्ससुद्धा काढू दिली नाही.

पाट मांडीवर, पाटावर कागद. उजव्या हाताचं मनगट डाव्या हातात घट्ट धरून त्यांनी पेन्सिल टेकवली. मग वर बघून विचारलं, "दमलेली हाय का रागावलेली?"

"दोन्ही, काका."

ते मान डोलावून कामाला लागले. अकरा वाजता बसलो होतो. दुपारचं जेवण तिथेच झालं, मुखवटा वर सरकवून. रेषा हरवायची, काका थांबायचे, मनगट दाबायचे, पुन्हा तिथूनच धरायचे. दोन भोकांतून मला तेवढंच दिसत होतं, तो हात आणि कागद. कधीतरी मला रडू आलं. मुखवट्याच्या आत रडायला सोयीचं असतं, कुणाला कळत नाही असं मला वाटलं. "खांदे हालतान तुजे," काका म्हणाले. "हालू नको." जरा वेळाने मान वर न करताच म्हणाले, "ह्याला मारू नको बाय. ह्याला घरी धाड."

"नाही मारत."

"त्याला तू बुडवलास, तुला ठाऊक नव्हतं. मना म्हाईत हाय. पन तुला सांगितलं अस्तं तर तू बुडवला नस्तास. मग मना त्यो कंदी गेलाच नस्ता. जाया पायजे व्हता."

मी हलले नाही एवढंच.

साडेतीनला पेन्सिलचं काम संपलं. मुखवटा काढून मी कागदाजवळ गेले. नायकाच्या बरोबरीने छापायला ठेवलं तर कुणीही हसलं असतं. गोणपाटाच्या रेषा एकमेकींत घुसल्या होत्या, ओट्याची कड खाली गेली होती. पण ती मी होते. पर्सवर घट्ट आवळलेली माझी बोटं, एक खांदा वर, एक खाली. इतकी थकलेली मी दिसते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग काकांनी शाई घेतली. बाकी सगळं त्यांनी एकट्याने केलं, श्वास धरून धरून. राहता राहिलं मुखवट्याच्या डाव्या डोळ्याचं भोक. होडीवर डोळा काढताना काका तो सर्वात शेवटी काढत, तसंच इथेही ठेवलं होतं. ब्रश भोकाजवळ नेला की हात उसळायचा. एकदा नेला, परत घेतला. दुसऱ्यांदा नेला, शाईचा थेंब बाजूला पडला. तिसऱ्यांदा त्यांनी ब्रश तसाच हवेत धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"धर."

"काका, तुम्हीच म्हणाला होतात. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. मी एकदा मोडलाय तो शब्द."

"दुसऱ्याचा न्हाय," काका म्हणाले. "धर."

मी त्यांचं मनगट धरलं. ते माझ्या हातात थरथरत होतं, मग माझाही हात त्याच्याबरोबर थरथरायला लागला, आणि तसाच आम्ही तो डोळा पुरा केला.